टोला नकाशावर आणायचा तर: गडचिरोलीसारख्या भागाचा आराखडा कुठून सुरू करावा

गडचिरोली जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १० लाख ७२ हजार, क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं येतात. जिल्ह्याच्या अहवालांत हा आकडा अगदी सुरुवातीलाच भेटतो. आराखडा करायला बसलं की मात्र तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण देसाईगंज-आरमोरीकडचा भातपट्टा आणि भामरागड-एटापल्लीकडचं जंगल यांची ती सरासरी आहे. असं ७४ माणसांचं गडचिरोली जमिनीवर कुठेच सापडत नाही.

महाराष्ट्रात मागास भागाचं मोजमाप कोणत्या घटकाने करायचं हा वाद जुना आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या आणि १९८४ मध्ये अहवाल दिलेल्या दांडेकर समितीने जिल्हा हा घटक धरला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे ते काढलं आणि त्या तुटीला ‘अनुशेष’ म्हटलं. एकूण अनुशेष साधारण ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्या काळात हे मोठं काम होतं, कारण तोवर मागासपणाची तक्रार होती पण आकडा नव्हता. पुढे १९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली. मानव विकास कार्यक्रम २०११ पासून १२५ तालुक्यांपर्यंत वाढला, म्हणजे घटक जिल्ह्यावरून तालुक्यावर उतरला. प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीचा अहवाल २०१३ चा. दिशा बरोबर होती, घटक लहान होत गेला. पण तालुक्यावरच थांबला. भामरागडसारख्या तालुक्यात मुख्यालयाचं गाव आणि छत्तीसगडच्या सीमेजवळचा टोला (मूळ गावापासून सुटी असलेली लहान वस्ती) यांच्यातलं अंतर हे कोल्हापूर आणि गडचिरोली यांच्यातल्या अंतराइतकंच खोल असतं, आणि तालुक्याच्या सरासरीत ते पुन्हा बुजतं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. अशा भागात मोजायचा घटक टोला, आखणीचा घटक बाजारगावाभोवतीचा दहा-बारा टोल्यांचा समूह, आणि मोजपट्टी लोकसंख्येची नको, पावसाळ्यातल्या चालण्याच्या वेळेची हवी. पुढचं सगळं हे कसं करायचं याबद्दल आहे.

निकष कुठे मोडतात

आदिवासी आणि डोंगराळ भागासाठी सरकारने निकष सैल केलेले आहेत, हे आधी मान्य करायला हवं. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र, आदिवासी भागात ३,००० ला. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ऐवजी २०,००० ला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ५०० ऐवजी २५० वस्तीची अट. अंगणवाडीसाठी ३०० ते ८००, मिनी अंगणवाडीसाठी १५० ते ३००. ऐकायला उदार वाटतं.

आता हिशेब करून पाहा. कोल्हापूर जिल्ह्याची घनता २०११ मध्ये ५०० च्या थोडी वर होती. तिथे ५,००० माणसं १० चौरस किलोमीटरमध्ये राहतात. उपकेंद्र बरोबर मध्यभागी असेल तर सर्वांत दूरचं घर पावणेदोन-दोन किलोमीटरवर. दक्षिण गडचिरोलीतल्या विरळ भागात दर चौरस किलोमीटरला ३० माणसं धरा. सैल केलेल्या निकषातली ३,००० माणसं गोळा करायला १०० चौरस किलोमीटर लागतात, म्हणजे साडेपाच किलोमीटरची त्रिज्या. तीही पक्षी उडतो तशी. जंगलातली वाट नाल्याला वळसा घालते, डोंगरी चुकवते, म्हणून दीडपट नाही तरी १.४ पट धरावीच लागते. झाले पावणेआठ-आठ किलोमीटर, चालत दोन तास. आणि उपकेंद्र मध्यभागी नसतंच. ते रस्त्याच्या कडेला असतं, कारण सिमेंट तिथवरच पोचतं.

म्हणजे निकष ५,००० वरून ३,००० वर आणला तरी चालायचं अंतर चौपट झालं. उदारपणा लोकसंख्येत दाखवला, कमतरता अंतरात होती. राष्ट्रीय आरोग्य अभियानात निवडक दुर्गम भागांसाठी ‘अर्ध्या तासाच्या चालीत उपचार’ हा निकष मान्य झालेला आहे. आराखड्यात उपकेंद्र मागताना त्याचाच आधार घ्यावा, लोकसंख्येच्या निकषावर वाद घालत बसू नये.

८० माणसांचा टोला तर प्रत्येक अटीच्या खालीच राहतो. रस्त्याला २५०, मिनी अंगणवाडीला १५०. पीएम-जनमन योजनेत माडिया, कोलाम, कातकरी या जमातींच्या वस्त्यांसाठी रस्त्याची अट १०० वर आणली आहे, तीही ८० च्या वरच. प्रत्येक खात्याने आपापल्या परीने नियम पाळला, आणि टोला मात्र सगळ्यांच्याच यादीबाहेर राहिला. हे एकेका खात्याकडे भांडून सुटत नाही. समूह करूनच सुटतं.

आधी यादी

जनगणनेची आकडेवारी महसुली गावाची असते. एका महसुली गावात चार टोले असतील तर चारही एका ओळीत. शिवाय काही महसुली गावं कागदावर आहेत आणि जागेवर बेचिराख, म्हणजे तिथे कुणीच राहत नाही. म्हणून पहिलं काम टोल्यांची यादी. ती कचेरीत बसून बरीचशी होते, फक्त योग्य वह्या मागाव्या लागतात. आशा कार्यकर्तीची कुटुंबनिहाय यादी, अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आणि हिवतापाच्या फवारणीची नोंदवही. यातली फवारणीची वही सर्वांत खरी, कारण फवारणी करणारा प्रत्येक घरात शिरलेला असतो. तिन्ही वह्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. जिथे फवारणीच्या वहीत टोला आहे आणि अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये नाही, तिथली मुलं कुणाच्याच पोषण आहारात नाहीत असं समजून आधी तिकडे जावं.

नकाशे तीन लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा, भूमी अभिलेखचा गाव नकाशा, आणि वनविभागाचा कक्षनिहाय (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांचा) नकाशा. विदर्भात त्याच्या जोडीला निस्तारपत्रकही काढून घ्यावं. चराईची, सरपणाची, मसणवट्याची, गावरस्त्याची जागा त्यात लिहिलेली असते, आणि पुढे ‘ही वाट कधीपासून आहे’ हा प्रश्न वनविभागाने विचारला की हाच कागद उपयोगी पडतो.

मग प्रत्येक टोल्यापुरती एकपानी नोंद. घरं आणि माणसं तर आहेतच, पण खरे रकाने पुढचे: बाजारगावापर्यंत फेब्रुवारीत किती वेळ, ऑगस्टमध्ये किती वेळ. वाटेत नाले किती, त्यातले पुरुषभर पाणी येणारे किती. गेल्या पावसाळ्यात सलग किती दिवस वाट बंद होती. मोबाईलची रेंज कुठल्या टेकडीवर मिळते. रात्री बाळंतपणाची वेळ आली तर खाटेवरून किती अंतर न्यावं लागतं आणि वाहन कुठवर येतं. मे महिन्यात कुठल्या विहिरीला पाणी असतं. एकूण बारा-चौदा रकाने पुरतात. शंभर रकान्यांचे फॉर्म करू नयेत. ते भरले जात नाहीत, आणि भरलेच तर शेजारच्या टोल्याची उत्तरं उतरवून भरली जातात.

ऑगस्टचा रकाना ऑगस्टमध्येच भरावा. आराखड्यांचं सर्वेक्षण बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत होतं, नाला कोरडा असतो, जीप आरपार जाते आणि टोला ‘जोडलेला’ म्हणून नोंदला जातो. ही एक चूक पुढची पाच वर्षं निस्तरता येत नाही, कारण एकदा ‘जोडलेला’ लिहिलं की रस्त्याच्या यादीतून तो टोला गळतो.

समूह बाजारावरून पाडावा

गट ग्रामपंचायतीची हद्द हा समूह धरण्याचा मोह होतो, कारण पैसा तिथे येतो. पण लोक हद्दीने चालत नाहीत, आठवडी बाजाराला चालतात. मीठ, कपडा, पत्रे, कोंबड्या, मोहफुलांचा व्यापारी, सोयरिकीच्या गोष्टी, सगळं बाजारात. बाजाराच्या दिवशी वाटेवर बसून कोण कुठल्या टोल्याहून आलं एवढंच लिहून घेतलं, आणि असे तीन बाजार केले, की समूह आपोआप नकाशावर उमटतो. कधी तो दोन ग्रामपंचायतींत विभागलेला निघतो, कधी दोन तालुक्यांत. निघू द्यावा. हद्द कागदावर जुळवता येते, नाला जुळवता येत नाही.

धुळे-नंदुरबारच्या सातपुड्यात हे थोडं निराळं पडतं. धडगाव, अक्कलकुवा भागात घरं शेतावर, एकेकटी, उतारावर पसरलेली असतात. एका पाड्याचीच लांबी दोन-तीन किलोमीटर भरते. तिथे ‘वस्तीपर्यंत’ रस्ता किंवा नळ नेला म्हणजे नक्की कुठपर्यंत, हे आधी ठरवावं लागतं. गडचिरोलीचा माडिया टोला बराच एकवट असतो, त्यामुळे इथे टोल्याचा एक बिंदू धरून काम चालतं. एका भागाचा नमुना उचलून दुसरीकडे बसवला की फसगत होते ती इथे.

समूह ठरला की कोणती सोय कुठल्या पातळीला, हे बसवायचं. टोल्यात: पिण्याचं पाणी, दिवा, आशा, लहान मुलांचा आहार. चार-पाच टोल्यांच्या मधल्या गावात: रेशन दुकान, उपकेंद्र, पाचवीपर्यंतची चांगली शाळा. बाजारगावात: प्राथमिक आरोग्य केंद्र, बँक, गोदाम, रुग्णवाहिका, पंप-मोटार दुरुस्ती. बाजारगावात आलेल्या माणसाची एका फेरीत तीन-चार कामं झाली पाहिजेत. बँकेचा दिवस आणि बाजाराचा दिवस एकच ठेवणं याला एक रुपयाही लागत नाही, तरी ते बऱ्याचदा होत नाही.

मधलं गाव निवडताना सर्वांत मोठं गाव निवडू नये. सगळ्या टोल्यांच्या ऑगस्टमधल्या वेळांची बेरीज जिथे सर्वांत कमी येते ते निवडावं. बऱ्याचदा ते दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचं, नाल्याच्या योग्य बाजूचं गाव निघतं.

डांबराआधी रपटे

आता कामांचा क्रम. रस्त्याच्या मागणीत सगळ्यांना डांबर हवं असतं आणि त्यात चूक काही नाही. पण टोला तोडते ती धूळ नाही, तोडतात ते दोन-तीन नाले. सहा किलोमीटरच्या वाटेवर पाच नाले असतील, तर पहिल्या वर्षी पाचही नाल्यांवर रपटे (पूर वरून जाऊ देणारे बुटके पूल) किंवा मोऱ्या बांधाव्यात आणि मधली वाट मुरुमाची ठेवावी. उलट केलं, म्हणजे दोन किलोमीटर डांबर झालं आणि नाले तसेच राहिले, तर जुलैत परिस्थिती होती तिथेच.

रपटा वाहून जातो तो क्वचित. वाहून जातात त्याच्या दोन्ही बाजूंचे भराव. पाणी मधून वाट न मिळाल्याने कडेने फिरतं, आणि दसऱ्याला पाहावं तर नाल्यात काँक्रीटचं बेट उभं. कारणं तीन. एक, पाईप लहान. जंगलातल्या नाल्यातून पालापाचोळा, बांबूची बेटं, अख्ख्या फांद्या येतात. ६०० मिलिमीटरचे पाईप पहिल्याच पुरात तुंबतात. १,००० मिलिमीटरचे टाकावेत, म्हणजे माणूस आत वाकून साफही करू शकतो. दोन, रपट्याची पातळी काठापेक्षा उंच ठेवलेली. रपटा पाण्याखाली जाण्यासाठीच असतो, उंच केला की तो बंधारा होतो. तीन, भरावाच्या उतारांना दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) नाही आणि खालच्या अंगाला जमिनीत उतरणारी आडवी भिंत नाही, त्यामुळे पाणी पायथा उकरतं. अंदाजपत्रकात पिचिंग आणि ही भिंत असतात, बिलाच्या वेळी कमी होतात. मोजणी माती टाकून झाकण्याआधी व्हावी एवढी अट ग्रामसभेने ठरावातच घालावी. रपट्यावर पाण्याची उंची दाखवणारा पांढरा-लाल खांबही हवा. गुडघ्यापर्यंतच्या वाहत्या पाण्यातही माणूस वाहून जातो, आणि गढूळ पाण्यात खोली डोळ्याला कळत नाही.

मोठ्या नदीचं मात्र रपट्याने भागत नाही. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावरचं भामरागड पर्लकोटेच्या पुराने आलापल्लीपासून तुटत आलेलं आहे. असा पूल समूहाच्या आराखड्यात मावत नाही, तो राज्याचा विषय. समूहाच्या आराखड्याने तोवरचं पाहायचं: तुटल्यावर आत काय असलं पाहिजे?

याचा हिशेब सोपा आहे आणि तरी फारसा कुणी लिहून ठेवत नाही. समजा समूहात ११ टोले, १,६५० माणसं. रेशनचं धान्य माणशी दरमहा ५ किलो. जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे ३३,००० किलो, म्हणजे ३३ टन, ५० किलोची ६६० पोती. अंत्योदय कुटुंबांना घरटी ३५ किलो असतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं वाढेल. पन्नास टनांचं गोदाम पुरतं. नवसंजीवन योजनेत पावसाळ्याआधी दुर्गम गावांत धान्य पोचवण्याची तरतूद १९९५ पासून आहेच, अडतं ते साठवणीवर. समाजमंदिरात फरशीवर थेट पोती रचली की खालचा थर ऑगस्टपर्यंत बुरशी धरतो. लाकडी फळ्यांवर रचावीत, भिंतीपासून हातभर लांब. त्याच गोदामाच्या एका खोलीत औषधं, ओआरएस, क्लोरीन, हिवतापाच्या तपासणीचे किट आणि हातपंपाचे सुटे भाग.

बाळंतपणाचंही तसंच. वाट सुरक्षित होत नाही तोवर गर्भवतीला तारखेच्या आधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ आणणं हाच मार्ग, आणि ‘माहेरघर’ त्यासाठीच आहे. ते रिकामं राहण्याची कारणं आरोग्याची नसतात. घरी बाकीची मुलं कोण पाहणार, सोबत आलेली सासू कुठे निजणार, चूल कुठे मांडायची. माहेरघराच्या नकाशात सोबतच्या दोन माणसांची जागा आणि बाहेर चुलीची पडवी असली तर बायका येतात.

पाण्याबद्दल थोडक्यात. जलजीवन मिशनचा दर माणशी दररोज ५५ लिटर. ९० माणसांच्या टोल्याला ४,९५० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरची एक टाकी. हातपंप असलेल्या बोअरलाच सौर दुहेरी पंप बसवला की वीज नसली तरी चालतं आणि सौर पंप बंद पडला तरी दांडा मारता येतो. लांबून नळयोजना ओढण्यापेक्षा लहान टोल्याला हे कितीतरी बरं. पॅनेल मोहाच्या सावलीत बसवणं ही नेहमीची चूक. मोह कुणी तोडणार नाही आणि तोडूही नये, म्हणून जागा निवडतानाच दुपारी जाऊन सावली पाहावी. आणि दुरुस्तीसाठी समूहात एक शिकवलेला माणूस, त्याच्याकडे साखळी, बेअरिंग, वॉशर. तालुक्याहून मेकॅनिक यायची वाट पाहण्यात उन्हाळा निघून जातो.

दोन पंचांगं

या भागातल्या कामांचं सर्वांत मोठं दुखणं पैशाचं नाही, वेळापत्रकाचं आहे. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. जंगलाचं वर्ष वेगळं. जून ते ऑक्टोबर पाऊस आणि धान. नोव्हेंबर-डिसेंबर कापणी, मळणी. मार्चच्या मध्यापासून एप्रिलभर मोहफुलं, पहाटेपासून अख्खं घर झाडाखाली. मे महिन्यात तेंदूपानं, ७० पानांचं पुडकं आणि हजार पुडक्यांची प्रमाण गोणी, पंधरा-वीस दिवसांत वर्षाची रोकड. कामाला हात मोकळे असतात ते जानेवारी ते मार्चचा मध्य, फार तर अडीच महिने. निधी येतो बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा होईस्तोवर मोह पडायला लागलेला असतो. मग बाहेरचे मजूर आणि यंत्रं येतात, ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवायचा म्हणून काम उरकलं जातं, काँक्रीटला पाणी मारायलाही कुणी थांबत नाही.

यावर उपाय आहे आणि तो नियमात बसतो. जिल्हा परिषदेला मिळालेला जिल्हा वार्षिक योजनेचा निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्च करता येतो, राज्य यंत्रणांचा मात्र ३१ मार्चला परत जातो. म्हणून नाल्यावरची, मजुरांवर अवलंबून असलेली कामं शक्यतो जिल्हा परिषदेमार्फत घ्यावीत. मान्यता पहिल्या वर्षाच्या मार्चपर्यंत, निविदा पावसाळ्यात, साहित्य डिसेंबरात जागेवर, काम दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत. फर्निचर, उपकरणं, वाहनं यांसारखी खरेदी राज्य यंत्रणेकडे. एवढी एक विभागणी केली तरी कामाचा दर्जा बदलतो. आणि आराखडा जिल्हा नियोजन समितीकडे जायचा तर तो ऑक्टोबरपर्यंत तयार हवा. डिसेंबरात दिलेला आराखडा वर्षभर फाईलमध्ये राहतो.

जमीन वनाची, हक्क गावाचा

गडचिरोलीत कुठलंही बांधकाम म्हटलं की जमीन वनाची निघते. पूर्व विदर्भात सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ लिहिलेलं असेल तर तीही वनजमीनच धरून चालावं. इथे लोक हातपाय गाळतात, आणि त्याची गरज नसते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये तेरा सोयींची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज व दूरसंचार वाहिन्या, तलाव व लहान जलसाठे, पिण्याचं पाणी व नळ, पाणी अडवण्याची बांधकामं, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य केंद्र, रस्ता, समाजमंदिर. अटी अशा की प्रत्येक प्रकरणात जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. केंद्राकडे जावं लागत नाही.

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. सहा मीटर रुंदीचा पट्टा धरला तर १,६६० मीटर लांबीचा रस्ता त्यात बसतो. इथे मोजताना नुसती गाडीवाट मोजतात आणि बाजूच्या गटारांची, भरावाच्या उताराची रुंदी विसरतात. जागेवर वनरक्षकाने मोजलं की हेक्टर ओलांडलेला असतो आणि प्रस्ताव परत. लांब रस्त्याचे एकेक हेक्टरचे तुकडे पाडून प्रकरणं करू नयेत, ते पुढे अडकतं. लांब रस्ता असेल तर सरळ वनसंवर्धन कायद्याच्या मार्गाने जावं आणि दरम्यान नाल्यांवरच्या कामांपुरती ३(२) ची प्रकरणं करावीत.

प्रस्ताव परत येण्याची बाकीची कारणंही ठरलेली. ठराव ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेचा असतो, त्या टोल्याच्या नाही. गणपूर्ती भरलेली नसते: वनहक्काच्या ठरावाला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. सह्यांच्या यादीवर हे मोजून लिहिलेलं नसतं. कक्ष क्रमांक चुकीचा. झाडांची मोजणी जातीनिहाय नाही. पाचही गोष्टी एका दिवसाच्या कामाच्या आहेत, पण एकेका त्रुटीने चार-चार महिने जातात.

टोला स्वतःच्या नावावर ठराव करू शकत नसेल तर आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम वापरावेत. टोल्याच्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे स्वतंत्र ‘गाव’ म्हणून घोषित होण्याची मागणी करायची. तिथून जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त असा प्रवास. गाव घोषित झालं की ग्रामसभा स्वतःची, कोष स्वतःचा. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी पेसा गावांना थेट मिळतो, चार शीर्षांखाली: पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन व जलसंधारण. वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात, त्यामुळे ८० माणसांच्या टोल्याच्या वाट्याला येणारी रक्कम लहानच. इथे समूह कामी येतो. दोन टोल्यांमधला नाला दोघांचाही, म्हणून दोन्ही ग्रामसभांनी समान मजकुराचे ठराव करून रपट्यासाठी रक्कम एकत्र करावी, आणि मजुरीचा भाग रोजगार हमीतून घ्यावा. रोहयोत मजुरी आणि साहित्य यांचं ६०:४० प्रमाण सांभाळावं लागतं. रपट्यात साहित्य जास्त, म्हणून त्याच आराखड्यात बोडी-तलावाचा गाळ, समतल चर अशी मजुरीप्रधान कामं जोडली की प्रमाण जुळतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये साधारण १,८१० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नियोजनाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट त्याआधीची: तिथला अभ्यासगट. निर्णयाच्या बैठकीआधी कायदा, नकाशा, हिशेब वाचून समजून घ्यायची निराळी बैठक, आणि निर्णय सर्वसहमतीने. वेळ लागतो. पण असा ठराव वरच्या कचेरीत उलटतपासणीला टिकतो, कारण गावातलं कुणीही उत्तर देऊ शकतं. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. समूहाच्या आराखड्याला घर हवं असतं, ते असं असावं. सल्लागार संस्थेने करून दिलेल्या जाडजूड अहवालाला ते नसतं. त्यातली गावांची नावं बदलली तरी मजकूर तसाच राहतो, यावरून ओळखावं.

एक इमारतींविषयी. उपकेंद्र बांधून झालं आणि परिचारिका तालुक्याहून ये-जा करते, हे चित्र ओळखीचं आहे. क्रम उलटा करावा. आधी राहण्याच्या दोन खोल्या, संडास, पाणी, दिवा आणि दाराला आतून भक्कम कडी. त्या झाल्या की तपासणीची खोली. पैसे अर्धेच असतील तर निवास बांधावा आणि तपासणी त्याच्या पडवीत करावी. शिक्षकांच्या बाबतीतही हेच.

आराखडा झाला, कामं झाली की पहिली तपासणी मार्चमध्ये नको. पोळा होऊन गेला की, भाद्रपदातल्या एखाद्या बाजाराच्या दिवशी सकाळी, सर्वांत दूरच्या टोल्यापासून बाजारगावापर्यंत चालत यावं. घड्याळ लावून. प्रत्येक रपट्यावर थांबून पाईपांत काय अडकलंय, भराव किती खचलाय, खांबावर पाण्याची खूण कुठवर आलीय ते लिहावं. गोदामात किती पोती उरलीत, पंपाला वॉशर आहे का, माहेरघरात या महिन्यात किती जणी राहून गेल्या. संध्याकाळी हाच कागद गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, वाचून दाखवावा. ऑक्टोबरच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर मग ७४ च्या जागी त्या टोल्याचे फेब्रुवारीतले आणि भाद्रपदातले तास लिहावेत.